बांधकामावरची यंत्रे आणि आपला माणूस
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला 'आधुनिक तंत्रज्ञान आणि समाज' असा विषय दिला होता. त्यावर बोलायचे तर दोन दिवस लागतील आणि शेवटी हाती काही लागणार नाही. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी तो आखडून घेतला आहे. मी स्थापत्य अभियंता आहे. पूल, बोगदे आणि उंच इमारती यांच्या कामांवर माझी बहुतेक नोकरी गेली. तेव्हा मला जे ठाऊक आहे तेवढेच सांगतो. बांधकामाच्या जागी आता जी सेन्सरवाली यंत्रे, मोबाईलवरची हजेरी आणि संगणकाला जोडलेली मीटरे येत आहेत, ती काय करतात आणि त्यांचा आपल्या माणसाशी काय संबंध, एवढाच माझा विषय.

हा विषय आपला का, असे कोणी विचारील. इथे बसलेल्या घरांतून मोजदाद करा. गवंडी, सेंट्रिंगवाला, सळई बांधणारा फिटर, चिरेखाणीवर जाणारा, मुंबईत साइटवर वॉचमन किंवा सुपरवायझर, यांपैकी एकही नाही असे घर हात वर करा म्हटले तर फार हात वर होणार नाहीत. आपली मुले शिकली, बँकेत गेली, शिक्षक झाली, ही आनंदाची गोष्ट. पण अजूनही पुष्कळ घरांची चूल बांधकामावरच पेटते.

प्रथम सेन्सर म्हणजे काय ते सांगतो, कारण या शब्दाला लोक उगाच बिचकतात. जुन्या घराच्या भिंतीला भेग गेली की जाणता गवंडी त्या भेगेवर काचेची एक पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने चिकटवतो आणि तारीख लिहून ठेवतो. पट्टी तडकली की समजायचे, भेग वाढते आहे. ती काचेची पट्टी हाच सेन्सर. आताच्या यंत्रात फरक एवढाच की ते भेग किती वाढली हे मिलिमीटरच्या अंशात मोजते, दर पंधरा मिनिटांनी मोजते आणि आतल्या सिमकार्डवरून तो आकडा ऑफिसातल्या संगणकाला कळवते. गवंड्याला तडकलेली पट्टी पाहायला भिंतीपर्यंत चालत यावे लागे, ते चालणे वाचले. बाकी तत्त्व तेच. जमीन कलते का हे पाहणारे यंत्र आहे, जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारे आहे, क्रेनवर किती भार आहे हे सांगणारे आहे, वाऱ्याचा वेग सांगणारे आहे. मुंबईत भुयारी मेट्रो तीनचे बोगदे खणले गेले तेव्हा गिरगाव-काळबादेवीकडच्या जुन्या इमारतींवर अशी यंत्रे बसवली होती. इमारत कलते का, खचते का, तिच्या भेगा वाढतात का, याच्या नोंदी घेतल्या जात.

पण मुंबईपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या दारावरून कोकण रेल्वे जाते. १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या. सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गात नव्वदहून अधिक बोगदे आहेत. कठीण कातळातले बोगदे निघाले, पण मऊ मातीतल्या बोगद्यांनी दम काढला. सीमेपलीकडे गोव्यात पेडण्याचा बोगदा सर्वांत शेवटपर्यंत अडून बसला. तिथली माती ओली झाली की पिठासारखी खाली बसते. खणलेला भाग पुन्हा भरून यायचा, पुन्हा खणायचा. या मार्गाच्या कामात जे कामगार गेले त्यांचे श्रमशक्ती स्मारक रत्नागिरीला आहे. जाताना-येताना जरूर पाहावे. त्या काळी बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला मातीचा इशारा कळायचा तो कानाने आणि डोळ्याने: वरून बारीक खडे पडू लागले, लाकडी टेकू करकरला, पाणी गढूळ आले. जुने कामगार ही भाषा ओळखत. नवे ओळखत नसत, आणि कामावर नवे नेहमीच जास्त असतात.

मार्ग सुरू झाल्यावर प्रश्न संपला नाही. डोंगर कापून केलेल्या उभ्या भिंती राहिल्याच. २२ जून २००३ च्या रात्री, आपल्याच जिल्ह्यात वैभववाडीजवळ, रुळावर आलेल्या दरडीवर कारवारहून मुंबईला जाणारी गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. वर्षभराने १६ जून २००४ रोजी महाडकडे करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. सुट्टी संपवून मुंबईला परतणारी आपल्या ओळखीपाळखीची माणसे याच गाड्यांनी जातात, म्हणून या तारखा आपण विसरत नाही.

यानंतर रेल्वेने जे केले ते या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कातळकापांवर जाळ्या बसल्या, उतार पुन्हा कापून सौम्य केले गेले. 'रक्षा धागा' नावाची योजना आली. उतारालगत तार ताणायची, दरड आली की ती तारेला ओढते आणि चालकाला धोक्याचा इशारा मिळतो. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडगाव, कारवार, भटकळ, उडुपी या ठिकाणी पाऊस आपोआप नोंदणारी मापके आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे. पानवलचा उंच पूल, मांडवी, जुवारी आणि शरावती यांच्यावर वारा मोजणारी यंत्रे आहेत. आणि पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक लागते. पाऊस फार झाला आणि समोरचे दिसेनासे झाले तर गाडी ताशी चाळीस किलोमीटरने चालवायची, हा नियम आहे.

बंधूंनो, या सगळ्यात मला महत्त्वाचे वाटते ते शेवटचे वाक्य. मापकाने पाऊस मोजला, पण मोजल्यानंतर कोणी काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले आहे. गाडी हळू चालवायला चालकाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. गाडी उशिरा पोचली म्हणून त्याचा पगार कापला जात नाही. आणि एवढी यंत्रे असूनही पावसाळ्यात रुळावरून रात्रीची गस्त घालणारा माणूस रेल्वेने काढून टाकलेला नाही. डोक्यावर इरले नाहीतर रेनकोट, हातात दिवा, असा तो अजूनही चालतो. ज्यांना वाटते की यंत्र आले म्हणजे माणूस गेला, त्यांनी जुलै महिन्यात एका रात्री कणकवली ते वैभववाडी रुळाकडे पाहावे.

आता यंत्र असूनही माणसे कशी मरतात याचे एक परदेशातले उदाहरण देतो. सिंगापूरसारखे शिस्तीचे शहर. २० एप्रिल २००४ रोजी तिथे भुयारी रेल्वेसाठी खणलेला खोल खड्डा कोसळला, त्यात निकोल हायवे नावाचा रस्ता खचला आणि चार माणसे गेली. त्या खड्ड्याच्या भिंतींवर मापके होती. भिंत ठरवल्यापेक्षा जास्त वाकते आहे हे ती आधीपासून सांगत होती. पण आकडा मर्यादेबाहेर गेला की पुन्हा गणित मांडायचे आणि मर्यादाच वाढवून घ्यायची, असे झाले. चौकशीत यावर कडक ताशेरे आले. आमच्या धंद्यात हा रोग नवा नाही. काम थांबवले तर दिवसाचे भाडे चालू, क्रेनचे भाडे चालू, वरून फोन चालू. अशा वेळी आकडा खोटा मानणे सर्वांना सोयीचे असते.

आणि आपल्या गावाचे काय? राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पस्तीस फुटी पुतळा कोसळला. आपल्यापैकी अनेकांनी तो दिवस इथेच पाहिला, त्याबद्दल मी अधिक बोलण्याची गरज नाही. राजकारण मला करायचे नाही. मी फक्त एका कागदाकडे लक्ष वेधतो. समुद्री वारा आणि पाऊस यांमुळे पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत आहेत, असे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मालवणच्या अभियंत्याचे पत्र २० ऑगस्टचे होते, हे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले. म्हणजे सहा दिवस आधी. पुढे चौकशी समितीच्या अहवालातही गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग हीच कारणे आल्याचे प्रसिद्ध झाले. त्या जागी ११ मे २०२५ रोजी नव्या पुतळ्याचे पूजन झाले. गंज डोळ्याला दिसत होता, पत्र लिहिले गेले होते. तिथे आणखी चार सेन्सर असते तर त्यांनीही तेच पत्र लिहिले असते, फार तर महिनाभर आधी. पत्र आल्यावर जागा मोकळी करून लगेच आधार देण्याचा अधिकार कोणाच्या हातात होता, हा खरा प्रश्न आहे आणि तो यंत्राने सुटत नाही.

गंजाचा विषय निघाला म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या घरांबद्दल दोन शब्द बोलतो. हे थोडे विषयांतर आहे, पण आपल्यातले बरेच जण घर बांधतात, तेव्हा ऐकून ठेवा. कर्ली आणि कालावलच्या खाडीतली वाळू आपण वापरतो. खाडीच्या वाळूत मीठ असते. चिऱ्याच्या भिंतीला त्याने फारसे बिघडत नाही, पण स्लॅबमध्ये सळई असते आणि मीठ सळईला आतून खाते. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. दहा-बारा वर्षांत छताचे पोपडे पडून सळ्या दिसू लागतात, ते यामुळे. आपल्या देशाच्या मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नसावे असे सांगितले आहे. समुद्राच्या फवाऱ्यात येणाऱ्या भागात सळईवर पन्नास मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असावे, असेही आहे. आपल्याकडे किती ठेवतात ते तुम्ही जाणता. वाळू गोड्या पाण्याने धुवून घ्या आणि सळईखाली सिमेंटच्या गोट्या ठेवा. हे काम फावड्याने आणि पाइपने होते, त्याला कसलाही सेन्सर लागत नाही.

स्लॅबच्या बाबतीत मात्र नवे यंत्र खरोखर उपयोगी पडते. स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे यावर किती भांडणे होतात! साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा दिवस ठेवावेत, असे साधे सिमेंट आणि साधारण हवामान धरून मानकात आहे. सेंट्रिंगवाल्याचा माल अडकतो म्हणून तो चौथ्या दिवशीच येऊन उभा राहतो. आता सळईला बांधून काँक्रीटमध्येच गाडून टाकायचे छोटे तापमापक मिळतात. काँक्रीट घट्ट होताना तापते. ते किती वेळ किती तापले यावरून त्याला किती ताकद आली याचा हिशेब लागतो, मात्र त्याच मिश्रणाचे ठोकळे आधी दाबयंत्राखाली फोडून तो हिशेब बसवून घ्यावा लागतो. पावसाळी थंड हवेत काँक्रीट हळू घट्ट होते, तेव्हा हे मापक सांगते की थांबा, अजून कच्चे आहे. टेकू काढायला खाली कोण जातो? बिगारी जातो. म्हणून मी या मापकाला चांगले यंत्र म्हणतो. त्याचा फायदा थेट खाली उभ्या असलेल्या माणसाला मिळतो.

त्याहून साधे, स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत गरजेचे यंत्र म्हणजे गॅस मीटर. ९ मार्च २०२५ रोजी मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत साफसफाईला उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. अशा घटनांत एक उतरतो, तो पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो, मग तिसरा. नवी टाकी पाहून वाटते, इथे मैला नाही, घाण नाही, धोका कसला? पण बंद टाकीत साचलेले पाणी, कुजणाऱ्या फळ्या आणि गंजणाऱ्या सळ्या आतला प्राणवायू खाऊन टाकतात. बाहेरच्या हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की मीटर ओरडतो. फार खाली गेला तर माणसाला धाप लागायलाही वेळ मिळत नाही, तो शिडीवरूनच कोसळतो. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. एका कामावर मी हा मीटर मागितला तेव्हा मुकादम मला म्हणाला, "साहेब, मीटर कित्याक व्हयो? नाक आसा मां!" प्राणवायू कमी झाल्याचे नाकाला कळत नाही, हे त्याला समजावण्यात माझा अर्धा तास गेला. पण पुढे तोच मुकादम मीटर दोरीने खाली सोडून आकडा वाचल्याशिवाय माणूस उतरवीनासा झाला.

गटारात, टाकीत, खड्ड्यात प्रथम कोणाला उतरवतात हे या सभेला सांगायला नको. म्हणून गॅस मीटरचा आग्रह आपण इतरांपेक्षा जास्त धरला पाहिजे.

आता हजेरीकडे येतो, कारण बहुतेकांची यंत्राशी पहिली गाठ तिथेच पडते. बाबासाहेबांच्या लहानपणीची गोरेगावच्या प्रवासाची हकीकत आपल्याला पाठ आहे. स्टेशनवर उतरलेली मुले, पाण्यावाचून काढलेली ती रात्र. पण सुभेदार रामजी त्या वेळी गोरेगावला काय करत होते? खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम म्हणून सरकारने तलाव खोदायला काढला होता, त्या कामावर ते कॅशियर होते. म्हणजे बांधकामावरचा हजेरीपट आणि मजुरीचे वाटप हा विषय आपल्या इतिहासात असा घरातच आहे. पुढे १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा केंद्राचे बांधकाम खाते याच मजूर खात्याखाली होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. ऑफिसात बसून अहवाल वाचता आला असता.

हजेरीपटात मुकादमाने खोटी नावे घालायची, खऱ्याचे दिवस मारायचे, ही जुनी दुखणी. यंत्राने ती जातील अशी आशा होती. काही अंशी गेलीही. पण अंगठ्याच्या यंत्राने नवे दुखणे आणले. सिमेंट आणि चुना यांत वर्षानुवर्षे हात घालणाऱ्याच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. यंत्र म्हणते, हा माणूस तो नव्हे. माझ्या पाहण्यात एका साइटवर खडी वाहणाऱ्या दोन बायकांचा अंगठा आठवडाभर लागला नाही आणि ठेकेदाराच्या ऑफिसाने आठवडा गैरहजेरी धरली. संगणक म्हणतो म्हणजे खरे! शेवटी फाटकावरच्या वॉचमनच्या वहीने त्यांना वाचवले. त्या वहीत दोघींची रोजची येण्याची वेळ पेनने लिहिलेली होती.

रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवरून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावणे सक्तीचे झाले. डोंगरावर रेंज नाही म्हणून काम करूनही हजेरी लागली नाही, अशा तक्रारी देशभरातून आल्या. उलट जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढून पाठवला जातो. म्हणजे लबाडाला वाट सापडली आणि प्रामाणिक माणूस रेंज शोधत झाडावर चढला. घरकुलांचेही तसेच आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात जोते झाले, छत झाले की जागेच्या खुणेसह फोटो चढवावा लागतो, मग हप्ता सुटतो. त्यामुळे कागदावरच बांधलेली घरे कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण फोटोत जोते दिसते. त्या जोत्यात सिमेंट किती गेले आणि पाणी किती दिवस मारले ते दिसत नाही. ते घरधन्यानेच पाहायचे.

एक कामगार मला म्हणाला होता, "ह्यां यंत्र आमची हजेरी लावता, पण आमचो जीव राखता काय?" मी त्यावर बराच विचार केला. पुष्कळ साइटवर पहिले आलेले यंत्र हजेरीचे असते, दुसरे कॅमेरा असतो. गॅस मीटर, क्रेनवरचा वारा-मापक, खोल खड्ड्याच्या कडेचे मापक ही शेवटी येतात किंवा येतच नाहीत. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर चढवणारे अवाढव्य यंत्र कोसळून वीस माणसे गेली. रात्रपाळीतली माणसे होती. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर महामार्गाचा बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. तिथे माणसे वाचली. अशा ठिकाणी खाली किती माणसे उभी आहेत, भार किती आहे, टेकू किती झुकला, हे सांगणारी यंत्रे आज बाजारात आहेत. ती बसवायची की नाही हे निविदेत लिहिले असेल तर बसतात. लिहिले नसेल तर ठेकेदार पदरमोड करून बसवील ही अपेक्षा मी तरी धरत नाही. म्हणून ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, नगरपरिषदेत आपले जे सदस्य बसतात त्यांनी निविदा येते तेव्हा हे विचारावे.

विचारताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. मालवण-वेंगुर्ल्यात त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाईल मुके झाले होते. ज्या दिवशी वारा सर्वांत जास्त, दरडीची भीती सर्वांत जास्त, त्याच दिवशी आपल्याकडे रेंज जाते. मुंबई-पुण्याच्या कंपन्या यंत्र विकायला येतात तेव्हा त्यांच्या हे ध्यानात नसते. जे मापक फक्त मोबाईलवर संदेश पाठवते ते कोकणातल्या साइटवर अर्धेच कामाचे. त्याला बॅटरी हवी, आकडे साठवून ठेवायची सोय हवी आणि जागेवर वाजणारा भोंगा हवा. भोंगा कशाचा हे प्रत्येकाला कळले पाहिजे. आपल्या साइटवर मालवणी माणसाबरोबर विजापूरकडचा, झारखंडचा, बिहारचा माणूस काम करतो. इंग्रजीत लिहिलेली सूचना ऑफिसच्या भिंतीवर लावून उपयोग नाही. आणि भोंगा वाजल्यावर काम टाकून पळणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही हे आधीच ठरले पाहिजे. मजुरी कापणार असाल तर दुसऱ्या वेळी तो पळणार नाही. रेल्वेच्या चालकाचे मी मघाशी सांगितले ते यासाठीच.

आता कायद्याचे थोडे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला. बांधकाम खर्चावर उपकर घेऊन त्यातून कामगारांच्या कल्याणाचा निधी उभा करायचा, ही त्याची व्यवस्था. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत सामावला गेला, पण कल्याणकारी मंडळ आणि उपकर ही व्यवस्था संहितेतही आहे. नोंदणीसाठी वय अठरा ते साठ आणि मागच्या बारा महिन्यांत निदान नव्वद दिवस बांधकामावर काम, ही अट तीच आहे. या नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी आपली माणसे किती खेटे घालतात! एका ठेकेदाराकडे वीस दिवस, दुसऱ्याकडे पंधरा, तिसरा तर गाव सोडून गेलेला. दाखला द्यायला कोणी तयार नाही.

इथे मला त्या हजेरीच्या यंत्राचा उपयोग दिसतो. आपला चेहरा, आपला अंगठा, आपली येण्याची वेळ हे सगळे ठेकेदाराच्या संगणकात पडून आहे. आपण नव्वद दिवस राबलो याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता? मग त्याची छापील प्रत महिनाअखेरीस मजुरीबरोबर कामगाराच्या हातात का मिळू नये? ही मागणी करायला कोणताही नवा शोध लागायचा नाही, एक बटण दाबायचे आहे. दोन ठिकाणी आम्ही ती करून पाहिली. एका ठिकाणी "सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही" असे उत्तर आले. दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या महिन्यापासून प्रत मिळू लागली आणि त्या वर्षी तिथल्या सतरा जणांची नोंदणी कटकटीशिवाय झाली. तोपर्यंत प्रत्येकाने स्वतःची एक छोटी वही ठेवावी. तारीख, साइटचे नाव, मुकादमाचे नाव. वॉचमनच्या वहीचे मी सांगितलेच.

मुलांसाठी एक सांगून थांबतो. ही यंत्रे बसवायला, त्यांच्या तारा जोडायला, मीठ आणि दमट हवा यांपासून ती जपायला आणि रोज सकाळी आकडे पाहून "आज इथे काहीतरी बदलले आहे" असे सांगायला माणसे लागतात. पदवीच हवी असे नाही. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतलेला किंवा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स केलेला मुलगा किंवा मुलगी हे काम सहा महिन्यांत शिकते. मुलीही, हे मी मुद्दाम म्हणतो. मेट्रोच्या कामावर मापके वाचणाऱ्या पथकांत मी मुली पाहिल्या आहेत आणि त्यांच्या नोंदवह्या मुलांपेक्षा नीट होत्या. गवंड्याच्या मुलाला यात एक फायदा आहे. त्याने लहानपणापासून भिंत पाहिलेली असते, आकडा वेडावाकडा आला तर तो आधी भिंतीकडे बघतो.

सभा संपल्यावर मागच्या टेबलावर मी दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक चार वायूंचा गॅस मीटर, चालू स्थितीतला, आणि एक काँक्रीटमध्ये गाडायचे तापमापक. हाताळून पाहा, बिघडत नाहीत. मीटरच्या तोंडावर फुंकर मारून पाहा, आकडा हलतो. शेजारीच आपल्या संस्थेचे कार्यकर्ते मंडळाच्या नोंदणीसाठी बसले आहेत. आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, फोटो आणि असेल तर नव्वद दिवसांचा दाखला घेऊन जा. दाखला नसेल तर ठेकेदाराचे नाव आणि गाव तेवढे लिहून द्या, ग्रामसेवकाकडून तो कसा मिळवायचा ते कार्यकर्ते सांगतील. तळाशील, आचरा आणि देवबागकडून आलेल्यांनी प्रथम जावे, त्यांची गाडी साडेपाचला आहे.

जय भीम.